पहिली महागडी इलेक्ट्रिक गिटार घेताना : झाडीपट्टीतल्या वादकांसाठी

धानाचे चुकारे हातात पडले, मंडईचा (गावोगावच्या जत्रांचा आणि त्यातल्या रात्रभरच्या नाटकांचा) हंगाम उताराला लागला, की आमच्या भागातल्या वादकांचे फोन सुरू होतात. "दादा, एवढी वर्षं साध्या गिटारवर काढली, आता एक चांगली घ्यायची आहे. फेंडर घेऊ की गिब्सन?" मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात, नाटकांच्या संगीतात आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. या खरेदीतून मी गेलो आहे, सोबतच्या काही जणांनाही घेऊन गेलो आहे. फोनवर सांगताना निम्म्या गोष्टी सुटतात, म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतो.

इथे महागडी म्हणजे दीड लाखाच्या पुढची. या किमतीच्या गिटारींची तुलना करणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. पण ते करणाऱ्याच्या खोलीत एसी असतो, वीज नीट असते आणि दुरुस्तीवाला त्याच शहरात असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६ अंशांवर जातो, मांडवात जनरेटर असतो आणि कारागीर शेकडो किलोमीटरवर. त्यामुळे निवड करताना आपलं गाव आधी धरायचं, ब्रँड नंतर.

१. कुठे आणि काय वाजवणार, ते कागदावर लिहा

दुकानात गेल्यावर लाकडाची चमक पाहून माणूस विसरतो की आपण कशासाठी आलो. म्हणून घरूनच लिहून न्या. वाजवणं मुख्यतः नाटकात की ऑर्केस्ट्रात? की घरी रेकॉर्डिंग करता? रात्रभर उभं राहून वाजवता की बसून? स्वच्छ आवाज जास्त लागतो की डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला मुद्दाम फाडलेला आवाज?

नाटकाच्या संगीतात एका प्रवेशात लावणी, दुसऱ्यात कव्वाली, तिसऱ्यात द्वंद्वगीत, आणि अध्येमध्ये पार्श्वसंगीत. ऑर्गन आणि ऑक्टोपॅडच्या गर्दीतून गिटारला वाट काढावी लागते. तिथे जाड, भरलेला आवाज कामाचा नाही. धारदार आवाज लागतो. रॉक वाजवणाऱ्याचं गणित याच्या उलट असतं.

२. तीन नावं, तीन स्वभाव

फेंडर. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता, आणि त्याच्या गिटारींत ते दिसतं. त्या सुट्या करता येतात. टेलिकास्टर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची, स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. नेक (गिटारची लांब दांडी) बॉडीला स्क्रूने जोडलेली असते, म्हणजे खराब झाली तर उघडून दुसरी बसवता येते. हेडस्टॉक (तारा गुंडाळायच्या खुंट्यांचं टोक) नेकच्या रेषेत सरळ, लाकूड मेपलचं, त्यामुळे पडली तरी सहसा निभावते. नटपासून (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात ती जागा) तारेची लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलीमीटर. तार ताठ लागते, आवाज खणखणीत येतो. तारेचं कंपन टिपणाऱ्या सिंगल कॉइल पिकअपची घरघर मात्र आहे, त्याबद्दल चौथ्या पायरीत.

गिब्सन. लेस पॉल मॉडेल १९५२ पासून, आणि घरघर मारणारे हंबकर पिकअप त्यावर १९५७ पासून. महोगनीची बॉडी, वर मेपल, नेक चिकटवलेली. लांबी २४.७५ इंच, त्यामुळे तार बोटाखाली मऊ लागते आणि बेंड (तार ओढून सूर चढवणं) सहज होतो. सूर लांबतो, भरीव येतो. पण वजन चार किलो किंवा त्याहून जास्त. रात्री दहाला खांद्यावर घेतलेली ही गिटार पहाटे किती जड लागते, ते उभं राहून वाजवणाऱ्यालाच कळतं. आणि तिचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो. नेमक्या वळणावर ट्रस रॉडसाठी (नेकची वाकण ठरवणारी आतली लोखंडी सळी) लाकूड कोरलेलं असतं. स्टँडवरून पाठीवर पडली की तिथेच मोडते. ही तक्रार जगभरातल्या वादकांची आहे.

पीआरएस. पॉल रीड स्मिथ यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात कंपनी काढली. लांबी २५ इंच, वरच्या दोघांच्या मधली. कस्टम २४ मॉडेलमध्ये हंबकरचं एक कॉइल बंद करून सिंगल कॉइलसारखा आवाज काढता येतो, म्हणून एकाच गिटारवर सगळा कार्यक्रम निघतो. काम अत्यंत सफाईचं. किंमतही तशीच.

याशिवाय जपानमध्ये बनणारी आयबानेझची प्रेस्टीज मालिका आहे, पातळ नेकची आणि वेगाने वाजवणाऱ्यांसाठी. तिच्यातल्या बऱ्याच मॉडेलांवर तारा कुलूपबंद करणारा तरंगता ब्रिज असतो. नाटकात वाजवणाऱ्याने तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक तार तुटली की उरलेल्या पाचही बेसूर होतात, आणि नवी तार बसवायला चावी, उजेड आणि वेळ लागतो. प्रवेश चालू असताना यातलं काहीच मिळत नाही.

माझा कौल : मंडई आणि लग्नं हेच मुख्य काम असेल, तर पहिली महागडी गिटार फेंडरचीच घ्या. टेलिकास्टर, किंवा ब्रिजजवळ हंबकर असलेली स्ट्रॅट. खोलीत बसून वाजवणं जास्त असेल आणि तो भरीव आवाजच मनात बसला असेल, तर लेस पॉलला पर्याय नाही, जरूर घ्या. बजेट मोठं असेल आणि एकाच गिटारवर आयुष्य काढायचं असेल, तर पीआरएस.

सावध राहा : नावं सारखी दिसतात. फेंडरची मेक्सिकोत बनणारी मालिका, पीआरएसची एसई मालिका, गिब्सनच्याच मालकीचं एपिफोन, या सगळ्या चांगल्या गिटारी आहेत. पण त्यांची किंमत वेगळी, लाकूड-पार्ट वेगळे. बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव असल्याशिवाय "फेंडर आहे", "पीआरएस आहे" एवढ्यावर पैसे मोजू नका.

३. आपली हवा सोसेल का, ते पाहा

लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवा २० टक्क्यांच्याही खाली कोरडी होते, आणि जुलैत ८०-९० टक्क्यांवर जाते. म्हणजे एकाच गिटारला वर्षात दोन टोकं सोसावी लागतात.

कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचं (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) लाकूड आकसतं, त्यावरच्या फ्रेटचा, म्हणजे आडव्या पट्ट्यांचा, धातू तेवढाच राहतो. मग फ्रेटची टोकं कडेने बाहेर येतात. मे महिन्यात नेकच्या कडेवरून तळहात खाली सरकवला की करवतीच्या दात्यांसारखं टोचतं, ते याचमुळे. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, नेक पुढे वाकते, तारा वर उचलल्या जातात.

मेपल भट्टीत तापवून त्यातली ओल काढलेल्या नेक हल्ली मिळतात, रोस्टेड मेपल नावाने. त्या कमी हलतात. आपल्या हवेसाठी त्याचे थोडे जास्त पैसे गेले तरी द्यावेत. फ्रेटबोर्ड शिसवाचा असेल, तर उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला थोडं लेमन ऑइल लावून पुसून घ्यायचं. पॉलिश केलेल्या मेपलच्या फ्रेटबोर्डला ते लागत नाही.

पॉलिशही बघा. गिब्सनवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असतं. ते दिसायला सुंदर, पण नाजूक. अचानक गरम-थंड झालं की त्यावर बारीक चिरा पडतात, आणि रबराच्या स्टँडला टेकून ठेवलं की रबराचा डाग कायमचा बसतो. अशा गिटारच्या स्टँडला सुती कापड गुंडाळा. फेंडरच्या बऱ्याच मॉडेलांवर पॉलीयुरेथेन असतं, ते जास्त चिवट.

घरात कूलर असेल तर त्याच्या झोतासमोर गिटार टांगू नका. कूलर चालू असताना खोली दमट, लाइट गेली की दोन तासांत कोरडी. हा चढउतार नुसत्या कोरडेपणापेक्षा वाईट. गिटार कडक केसमध्ये, टिनाच्या छतापासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा. कवेलूचं घर या बाबतीत बरं. केसमध्ये उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवा, पाणी ठिबकता कामा नये. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. दोन्हीकडे काम करणारी आर्द्रतेची तयार पाकिटं ऑनलाइन मिळतात, ती आणखी सोयीची. आणि काही शे रुपयांचा आर्द्रतामापक केसमध्ये टाकून ठेवाच.

हिवाळ्यातल्या उघड्या मांडवाची गोष्ट निराळी. हॅलोजनखाली तारा तापतात आणि सूर उतरतो. दिवे गेले, गार हवा लागली की चढतो. तिसरी घंटा होण्याच्या अर्धा तास आधी गिटार केसमधून काढून रंगमंचाजवळ ठेवा, मग ट्यून करा.

४. वीज : ही पायरी गाळू नका

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. आजूबाजूच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर ती पकडते. हंबकरमध्ये अशी दोन कॉइल उलटसुलट जोडलेली असतात, म्हणून घरघर एकमेकींना मारते. मांडवात डिमर, जनरेटर आणि एलईडीच्या माळा असताना सिंगल कॉइल खूप कुरकुरतं. स्ट्रॅट आवडत असेल तर तीन मार्ग आहेत : नॉइजलेस पिकअपचं मॉडेल, ब्रिजला हंबकर असलेलं मॉडेल, किंवा स्विचची दुसरी आणि चौथी जागा वापरणं. आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधलं पिकअप उलटं गुंडाळलेलं असतं, त्यामुळे या दोन जागांवर घरघर जवळपास जाते.

आता जिवाचा मुद्दा. गिटारच्या ब्रिजपासून एक तार ग्राउंडला जोडलेली असते, आणि ती केबलमधून अँपच्या (अँप्लिफायरच्या) धातूच्या सांगाड्यापर्यंत जाते. म्हणजे तुमची बोटं तारांवर असताना तुम्ही अँपच्या अर्थिंगशी जोडलेले असता. ओठ माइकला लागले, माइक दुसऱ्या लाइनवर असला आणि एकाचं अर्थिंग नसलं, तर विजेचा मार्ग तुमच्या शरीरातून जातो. मांडवात आकडा टाकून किंवा दोन-पिनी एक्सटेन्शनवर साउंड चालवलेला असतो, तेव्हा हा धोका खरा असतो.

त्यासाठी साधा मल्टिमीटर सोबत ठेवा. एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर लावा. एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं गिटारच्या तारेला. दोन्ही टोकं धरताना बोटं प्लास्टिकवरच असू द्या. आकडा शून्याच्या जवळ हवा. तसा नसेल, मग तो शंभरच्या खाली असला तरी, वाजवायला उभे राहू नका. साउंडवाल्या भाऊला अर्थिंगचा रॉड ठोकायला लावा आणि पुन्हा मोजा. कुणी "भुणभुण जाते" म्हणून अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितलं, तर ऐकायचं नाही.

अँपसाठीही पैसे बाजूला काढा. तीन लाखांची गिटार कीबोर्डच्या स्पीकरला लावली तर तीस हजारांच्या गिटारसारखीच ऐकू येते. एकूण रकमेचा चौथा हिस्सा तरी अँप किंवा प्रोसेसर आणि स्टॅबिलायझरसाठी राखा. परदेशातून कुणी अँप आणत असेल तर मागची पट्टी वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अँप आपल्या २३० व्होल्टवर लावला की जळतो.

५. कुठे जाऊन बघायची

या किमतीची गिटार हातात न घेता घेऊ नका. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींतही वजन, नेक आणि आवाज वेगळा असतो. नागपुरात आधी फोन करून नेमकं मॉडेल दुकानात आहे का ते विचारा. "मागवून देतो" याचा अर्थ न पाहता घ्यावी लागेल. जास्त गिटारी एका ठिकाणी बघायच्या तर मुंबई किंवा हैदराबाद. मुंबईत फुर्टाडोजसारखी १८६५ पासूनची पेढी आहे, इतरही दुकानं आहेत. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस थेट मुंबईला जाते. चंद्रपूर-बल्लारशाकडच्यांना सिकंदराबाद जवळ पडतं. चौघं मिळून गाडीने जायचं तर नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ पासून पूर्ण खुला आहे.

जायचं ते हिवाळ्यात किंवा पावसाळा संपल्यावर. एप्रिल ते जून या काळात कुरियरनेही गिटार मागवू नका. बंद ट्रकमध्ये ती दिवसचे दिवस भाजून निघते.

६. दुकानात हातात घेतल्यावर

आपली रोजची गिटार सोबत न्या. तिच्याशी ताडून पाहिलं की फरक लगेच कळतो. आधी अँपला न लावता वाजवा. लाकूड नीट बोलतं की नाही ते तिथेच समजतं.

मग पट्टा लावून उभे राहा आणि पंधरा-वीस मिनिटं तसेच वाजवा. दुकानदार खुर्ची देईल, बसू नका. हेडस्टॉक खाली झुकतो का, खांदा दुखतो का, पाहा.

पातळ दोन तारांवर बाराव्या फ्रेटच्या पुढे प्रत्येक फ्रेटवर पूर्ण स्वराचा बेंड घ्या. सूर मध्येच मरत असेल तर फ्रेट समतल नाहीत. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर जुळायला हवेत. थोडा फरक असेल तर तो सेटिंगने जातो, दुकानातच करून मागा. नेकची वाकण बघायला सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते पाहा. पाव मिलीमीटरच्या आसपास हवी, म्हणजे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी.

लेस पॉल घेत असाल तर तिसरी तार, जी, मुद्दाम जोरात बेंड करून पुन्हा ट्यूनर पाहा. हेडस्टॉकवर ही तार तिरकी वळते, त्यामुळे नटमध्ये अडकते. खाचेत पेन्सिलचं शिसं घासल्याने बराच फरक पडतो, पण खाचच चुकीची कापली असेल तर ती गिटार सोडा, दुसरी मागा.

७. पैसे आणि कागद

आपल्याकडे धानाचा, बिदागीचा पैसा रोखीत असतो. पण २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम दुकानदाराला एका व्यवहारात रोख घेता येत नाही. तुकडे करून दिली तरी तो एकच व्यवहार धरला जातो. आधीच बँकेत भरा, आणि ऑनलाइन पाठवण्याची तुमची रोजची मर्यादा किती आहे ते शाखेत विचारून वाढवून घ्या. नाहीतर दुकानात उभं राहून अडकाल.

सोबत न्यायचं : पॅन कार्ड, आधार, बँकेचं डेबिट कार्ड, पत्त्याचा पुरावा.
दुकानातून आणायचं : जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर. शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड. सोबत सत्यता प्रमाणपत्र येत असेल तर ते. मूळ केस आणि त्यातल्या चाव्या.

चाव्यांकडे दुर्लक्ष करू नका. फेंडरसारख्या अमेरिकन गिटारींना इंची मापाच्या ॲलन चाव्या लागतात. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिलीमीटरच्या मिळतात. जवळपास बसणारी चावी लावली की ट्रस रॉडच्या पेचाची कड झिजते, मग ते दुरुस्त करायला कारागीरच लागतो.

८. जुनी घ्यायची तर

स्वस्तात दिसणाऱ्या लेस पॉलपासून फार जपा, नकली खूप फिरतात. दोन खुणा सोप्या आहेत. खऱ्या गिब्सनवर हेडस्टॉकच्या घंटेच्या आकाराच्या झाकणाला दोन स्क्रू असतात, नकलीवर पुष्कळदा तीन. आणि झाकण उघडल्यावर खऱ्या गिब्सनमध्ये ट्रस रॉडचा पितळी नट दिसतो, ज्याला बाहेरून ५/१६ इंची पाना बसतो. आत ॲलन चावीचं भोक दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवा. अमेरिकन प्रोफेशनल टू मालिकेतल्या फेंडरचा सिरियल नंबर यूएस या अक्षरांनी सुरू होतो, मेक्सिकोतल्यांचा सहसा एमएक्सने.

हेडस्टॉकच्या मागे मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. जोडलेली भेग रेषेसारखी चमकते. चांगली जोडलेली गिटार वाजवायला ठीक असते, पण तिची किंमत बरीच खाली यायला हवी.

परदेशातून नातेवाईक आणत असेल, तर सीमाशुल्क भरल्याची पावती जपून ठेवा, पुढे विकताना लागते. भारतीय शिसवाच्या फ्रेटबोर्डसाठी २०१७ ते २०१९ या काळात आंतरराष्ट्रीय परवान्याची कटकट होती. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे. ब्राझीलच्या शिसवाला ती सूट नाही, त्या गिटारच्या नादी लागू नका.

९. गावात आणताना आणि पहिला आठवडा

एसटीत वरच्या रॅकवर ठेवू नका, जवळ उभी धरा. मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या पाठीला केस बांधताना हेडस्टॉक डोक्याच्या वर येतो. फाटकातून आणि झाडाखालून जाताना लक्ष ठेवा. तारा एक-दोन स्वर उतरवून घ्या आणि केसमध्ये नेकखाली, हेडस्टॉकच्या मागे नव्हे, मऊ कापडाची घडी द्या. कुरियरने आलीच तर खोका फोडण्यापासून पूर्ण व्हिडिओ काढा. त्याशिवाय तुटफुटीची तक्रार टिकत नाही.

घरी आल्यावर केस बंदच राहू द्या, किमान एक रात्र. मग उघडा, ट्यून करा, वाजवा, पण आठवडाभर कुठलाही स्क्रू फिरवू नका. गिटार आपल्या हवेत बसायला तेवढे दिवस घेते. त्यानंतर पुन्हा ती व्हिजिटिंग कार्डची चाचणी करा. फट वाढली असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, त्याहून जास्त नाही. कमी झाली असेल तर उलट्या दिशेने तेवढाच. पुन्हा ट्यून करून एक दिवस थांबा, मग मोजा. चावी जड लागली, तर जोर न लावता तिथेच थांबा आणि कारागिराकडे न्या. हीच तपासणी मार्चअखेर, जूनअखेर आणि दिवाळीच्या आधी, हंगामाच्या तालमी सुरू होण्यापूर्वी करायची.